मूल नुसतं चंचल आहे की एडीएचडी? आधी वही लिहा, मग डॉक्टर गाठा

मुलगा तिसरीत असताना त्याच्या डायरीत दर आठवड्याला लाल शेरा यायचा: ‘वर्गात लक्ष नाही’, ‘वही अपूर्ण’. घरात कुणी म्हणे लाडावलाय, कुणी म्हणे मुलगे असेच असतात. हा नुसता चंचलपणा की एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणारी मेंदूच्या वाढीशी जोडलेली अडचण, हे कळेना. शेवटी नौपाड्यातल्या आमच्या घरी फ्रिजवर एक शंभर पानी वही ठेवली आणि दोन आठवडे फक्त लिहीत राहिले. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा.

वहीत मत नको, प्रसंग हवा. ‘आळशीपणा केला’ असं लिहू नका. माझी एक नोंद अशी होती: ‘७.१० ला बूट घालायला सांगितलं. ७.२५ ला एका पायात मोजा, दुसरा हातात, खिडकीतून टीएमटीची बस बघत उभा.’ सोबत आदल्या रात्रीची झोप लिहा आणि जे नीट जमलं तेही लिहा.

मग जागा बदलून बघा. एडीएचडीच्या निदानासाठी त्रास दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावा लागतो, किमान सहा महिने टिकलेला असावा लागतो आणि वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झालेला असावा लागतो. फक्त गणिताच्या तासालाच गडबड होत असेल, तर अडचण गणितात असू शकते. वर्गशिक्षिकेला भेटताना तक्रारीचा सूर नको. ‘बाई, तो सलग किती वेळ बसतो, काय अर्धवट सोडतो, एवढंच सांगाल का?’ असं विचारलं की बाई मोकळेपणानं बोलतात.

लक्षणांचे दोन गट आहेत. एक लक्ष न टिकण्याचा: वस्तू हरवणं, सूचना मध्येच विसरणं, सोप्या चुका करणं. दुसरा अतिचंचलतेचा आणि उतावळेपणाचा: बसल्या जागी चुळबुळ, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर, रांगेत थांबता न येणं. प्रत्येक गटात नऊ लक्षणं असतात आणि मुलांमध्ये कुठल्याही एका गटातली किमान सहा दिसावी लागतात. मुलींकडे जास्त बारकाईनं बघा. खिडकीशी शांत बसून हरवणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून वर्षानुवर्षं सुटून जाते.

‘मोबाईलवर तर तासभर हलत नाही!’ हे मीही म्हणायचे. गेममध्ये क्षणाक्षणाला बक्षीस मिळतं, गृहपाठात मिळत नाही. या मुलांकडे लक्ष असतं, पण ते हवं तिथे वळवून टिकवणं त्यांना जड जातं. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. संस्कार कमी पडले म्हणून हे होत नाही, तेव्हा आईला बोल लावणं आधी थांबवा.

वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. नजर, ऐकू येणं, झोप, घोरणं, मनातली भीती हे आधी तपासून घ्या. मूल काही सेकंद एकदम थिजून शून्यात बघत असेल तर तेही सांगा, तो फिटचा प्रकार असू शकतो. रक्ताच्या तपासणीतून किंवा स्कॅनमधून एडीएचडीचं निदान होत नाही. ते बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ सविस्तर माहिती घेऊन करतात. ‘ठाण्याला पाठवा’ (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) हा टोमणा ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला ही पायरी चढणं अवघड जातं, मला ठाऊक आहे. तरी चढा. फोनवर आधी बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, मोफत क्रमांक आहे.

निदान होईपर्यंत घरी एवढं करा: स्वयंपाकघरातून हाका मारू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, एका वेळी एकच काम सांगा आणि झालं की तिथल्या तिथे शाबासकी द्या. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर औषधाआधी पालकांना हेच शिकवलं जातं. मोठ्या मुलांना औषध लागलं तर घाबरू नका, पण डॉक्टरांना न विचारता सुरू-बंद करू नका. भूक, झोप, वजन यांवर नजर ठेवा.

वही मात्र चालू ठेवा, फरक पडतोय का ते तिथेच कळतं. आमच्या मार्चच्या पानावर आहे: ‘७.१० ला सांगितलं. ७.१६ ला दोन्ही बूट पायात. नाड्या सुटलेल्या.’