डिंक, राळ आणि चीक: खायचं काय, लांब राहायचं कशापासून

सालीवर वाळलेला खडा कसला आहे, ते पाहायला वाटीभर पाणी पुरतं. शेंगदाण्याएवढा तुकडा रात्रभर भिजत घाला. बाभळीचा डिंक विरघळतो. कांडोळीचा विरघळत नाही, फुगून लिबलिबीत होतो. सालईची राळ पाणी दुधाळ करते आणि बरीचशी तळाशी बसते. ती निखाऱ्यावर धुपासाठी, लाडवात नव्हे. मात्र विरघळला म्हणून डिंक खाण्याजोगा ठरत नाही. झाड ओळखू येत नसेल तर तोंडात टाकू नका, आणि टेकडीवरच्या झाडांना डिंकासाठी खाचा तर मुळीच पाडू नका. पुण्यात रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात निवडलेला डिंक मिळतो.

लाडवांना धावड्याचा किंवा बाभळीचा घ्या. सालीचे तुकडे नि माती निवडून काढा, खडे हरभऱ्याएवढे फोडा आणि दिवसभर कडक उन्हात ठेवा. दमट डिंक फुलत नाही. तूप मध्यम आचेवर तापवून एका वेळी चमचाभरच डिंक सोडा; जास्त टाकला की तूप निवतं. फुललेला दाणा बोटांत चुरडून पाहा: भुगा झाला पाहिजे. मधे काचेसारखा कण लागला तर तो कच्चा, दाताला चिकटणारच. तूप फार तापलं तरी हेच होतं, वरून तांबूस आणि आत कच्चा.

कांडोळीचा डिंक सपाट चहाचा चमचा, मोठा पेलाभर पाणी, रात्रभर. कोरडा कधीही गिळू नये, घशात फुगून अडकतो.

आता चीक. शनिवारी मारुतीला घालायची रुईची माळ घरी करत असाल तर पानं तोडल्यावर देठातला चीक निथळू द्या, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. रुईचा चीक फसवा असतो: डोळ्यात गेल्यावर फारसं दुखत नाही, पण काही तासांनी धुरकट दिसायला लागतं. कुंपणाच्या शेराचा चीक उलट, लगेच आग करतो. दोन्हींत डोळा वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान 15-20 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दूध, मध, गुलाबपाणी काही घालू नका.

कण्हेर, लाल असो की पिवळी, पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात. घरी उलटी काढत बसू नका. फांदी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.

बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. बिब्ब्याच्या तेलाने फोड येतात, हे घरोघरी माहीत असतं; आंब्याच्या चिकाने ओठ उततात, ते मात्र उष्णतेवर ढकललं जातं. आंबा उतरवताना थोडा देठ ठेवा, नंतर देठ मोडून फळ उपडं धरा आणि चीक गळू द्या. सालीवर ओघळला तर काळे डाग पडतात. खाण्याआधी आंबे तासभर पाण्यात ठेवा, देठाकडची चकती कापून टाका.