इन-इअर इअरफोन घेताय? या चुका टाळा

"पैसे टाकले पण बेसच नाही" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. बहुतेक वेळा इअरफोन ठीकच असतो, टिप चुकलेली असते. बॉक्समध्ये लहान, मध्यम, मोठ्या अशा सिलिकॉन टिप्स दिलेल्या असतात आणि लोक कंपनीने लावून दिलेली मधली तशीच कानात घालतात, बाकीच्या पाकिटातून बाहेरसुद्धा निघत नाहीत. कानात सील नीट बसलं नाही, म्हणजे टिपने कान घट्ट बंद झाला नाही, की सगळ्यात आधी बेस जातो, वर बाहेरचा गोंगाट आत येतो, मग माणूस व्हॉल्यूम वाढवत सुटतो.

माझा एक मित्र याच तक्रारीवर चांगले दोन इअरफोन पडत्या भावात विकून तिसरा घ्यायला निघाला होता. म्हटलं थांब जरा. उजव्या कानात मधलीच टिप ठेवली, डावीकडे मोठी लावली, कारण दोन्ही कान सारखे असतातच असं नाही. मग विरुद्ध हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायला लावला आणि तसा ओढलेला असतानाच इअरफोन आत सरकवायला सांगितलं. गाणं सुरू झालं आणि पहिलं वाक्य काय, तर "अरे, मग आधीचे दोन का विकले मी?" त्याचं नुकसान बघून मला खरंच वाईट वाटलं. तुम्ही एवढंच करा, ओळखीचं बेसवालं गाणं लावा, इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा, दाबल्यावर बेस एकदम वाढला तर सील नाहीये, टिप बदला.

फोम टिप्सवाल्यांची घाई तर विचारू नका. फोम बोटांत वळून बारीक करायचा, लगेच आत घालायचा आणि वीस-तीस सेकंद तसाच धरून ठेवायचा, कारण तो हळूहळू फुगतो. पाच सेकंदांत हात काढून "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांनी सिलिकॉनच वापरावं. फोम काही महिन्यांत मऊ पडतो, तेव्हा बदलायचा, आणि घेताना नोझलची, म्हणजे टिप ज्या नळीवर बसते तिची, जाडी बघायची, नाहीतर टिप कानातच राहते.

नॉइज कॅन्सलिंग म्हणजे आयसोलेशन (टिपने कान बंद करून आवाज अडवणं) नव्हे. नॉइज कॅन्सलिंग माइकने आवाज ऐकून उलटी लाट सोडतं, इंजिन, पंखा अशा सलग घरघरीवर भारी चालतं, पण बोलणं, किंकाळ्या, भांड्यांचा आवाज अडवायला नीट बसलेली टिपच लागते. नुसतं गाणं ऐकायचं असेल तर मी वायरवालाच घेईन, चार्जिंगची कटकट नाही.

ड्रायव्हर, म्हणजे आतले छोटे स्पीकर, किती आहेत ते मोजून घेऊ नका, ट्युनिंग, म्हणजे आवाजाचा समतोल, बघा. वायर कपड्यांना घासून धपधप होत असेल तर कानावरून मागे घ्या.

सील चांगलं झालं की कमी आवाजात भागतं, खरा फायदा हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास चालतात, ९० वर फक्त ४. रस्त्यावर मात्र दोन्ही कान बंद नकोच.

आणि एका बाजूचा आवाज कमी झाला की लगेच फेकू नका. टिप काढा, जाळीत मळ असतो. नोझल खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पिन घातलीत तर जाळी फाटून मळ थेट ड्रायव्हरवर जाईल.