घरातला कचरा कमी कसा करावा: आधी ओला वेगळा, मग बाकीचं

आमटीचा एक डाव रद्दीवर सांडला की ती रद्दी राहत नाही. भंगारवाला तिला हात लावत नाही, कागद गिरणीला ती चालत नाही, आणि किलोवर विकली गेली असती ती वस्तू कचरा डेपोवर जाऊन पडते. तिथे ढिगाखाली हवा न मिळता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो आणि तो पेटतो. मुंबईचं देवनार १९२७ पासून शहराचा कचरा घेतंय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी शहराच्या कचऱ्याची दुर्गंधी आणि बिघडलेलं विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं सोसलं. याची सुरुवात आपल्या ओट्याखालच्या एकाच डब्यात होते, कारण त्यात सगळं एकत्र पडतं. म्हणून पुढच्या सगळ्या कृतींचं सूत्र एकच आहे: ओलं सुक्याला लागू द्यायचं नाही.

आधी डबे मांडा

तीन जागा हव्यात. ओल्यासाठी ओट्याजवळ झाकणाचा छोटा डबा. तो मुद्दाम छोटाच घ्या, म्हणजे रोज रिकामा करावा लागतो आणि वास धरत नाही. आत प्लॅस्टिकची पिशवी घालू नका. तळाला वर्तमानपत्राचा कागद घाला किंवा डबा नुसता विसळा. सुक्यासाठी मात्र मोठी गोणी किंवा जुनी कापडी पिशवी गॅलरीत अडकवा. स्वच्छ सुका कचरा आठवडाभर राहिला तरी कुजत नाही, फक्त जागा खातो. तिसरा एक झाकणाचा बरणीवजा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंचावर ठेवा. त्यात काय टाकायचं ते पुढे सांगते.

आता घरातल्या प्रत्येकाला हे दाखवा. नुसतं सांगून भागत नाही, एकदा हातात वस्तू घेऊन दाखवावं लागतं. घरकामाला येणाऱ्या ताई, आजी-आजोबा, शाळेतून येऊन वेफर्सचं पाकीट भिरकावणारा मुलगा, सगळ्यांना. वर्गीकरण बिघडतं ते घाईत, म्हणून डबे जिथे वस्तू हातातून सुटते तिथेच हवेत.

ओल्याचं खत: खरं काम इथे आहे

आपल्याकडे घरच्या कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास ओलाच असतो. तो घरात जिरला की उरलेला आपोआप स्वच्छ राहतो, म्हणून मी सगळ्यात जास्त आग्रह याचाच धरते. महागडं यंत्र आधी विकत घेऊ नका. रंगाच्या २० लिटरच्या तीन-चार रिकाम्या बादल्या पुरतात: एक भरायची, बाकीच्या मुरायच्या.

बादली स्वच्छ धुऊन घ्या. तापवलेल्या खिळ्याने किंवा ड्रिलने बाजूंना दोन-दोन बोटांवर भोकं पाडा, तळालाही आठ-दहा पाडा. बादली दोन विटांवर ठेवून खाली ताटली सरकवा, म्हणजे निथळणारं पाणी फरशीवर येणार नाही. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा दोन इंच थर, त्यावर मूठ-दोन मूठ पालापाचोळा, त्यावर विरजण म्हणून कुणाकडचं तयार खत किंवा कुंडीतली जुनी माती. काहीच नसेल तर आंबट ताकात थोडा गूळ कालवून पाचोळ्यावर शिंपडा. जिवाणू त्यानेही लागतात.

रोज भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, अंड्याची चुरडलेली टरफलं घाला. चहाचा चोथा आधी विसळून घ्या, नाहीतर साखरेने मुंग्या लागतात. साली जितक्या बारीक चिराल तितक्या लवकर कुजतात. ओल्याचा थर पडला की त्यावर तेवढाच, जमल्यास दुप्पट, सुका पाचोळा टाकायचा आणि ओलं दिसेनासं करायचं. हे चुकवू नका. भाजीपाल्यात नत्र जास्त असतं, पाचोळ्यात कर्ब. जिवाणूंना एका भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. तो न मिळाल्यास जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं, आणि घरातली माणसं बादली बाहेर काढा म्हणू लागतात. पाचोळा नसेल तर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे किंवा न छापलेला खोक्यांचा पुठ्ठा फाडून वापरा.

दर तीन-चार दिवसांनी कालथ्याने किंवा खुरप्याने तळापासून हलवा. मूठभर घेऊन दाबून पाहा: गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. बादली काय म्हणते हे वासावरून कळतं. नाकाला झोंबणारा वास आला तर पाचोळा वाढवा. सडक्या अंड्यासारखा आला तर ओल जास्त झालीय आणि हवा कमी पडतेय. पाचोळा घालून नीट उकरा आणि दोन दिवस नवीन काही टाकू नका. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. चिलटं घोंगावू लागली तर वरचा पाचोळ्याचा थर जाड करा आणि मूठभर निंबोळी पेंड भुरभुरा. पांढरी बुरशी दिसली तर आनंद माना, ती कामालाच आलेली असते. करड्या, जाडसर, चपट्या अळ्या दिसल्या तर बहुतेक जण बादली फेकून देतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, चावत नाहीत, आणि अन्न झपाट्याने संपवतात. राहू द्या.

मांस-मासळीचे तुकडे, हाडं, तेलकट रस्सा आणि दुधाचे पदार्थ नवशिक्यांनी घालू नयेत, उंदीर येतात. लिंबा-मोसंबीच्या साली थोड्याच. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी वर्षभर तशाच राहतात, त्या बाजूला काढा. आणि ‘विघटनशील’ असा छाप असलेल्या पिशव्याही बादलीत टाकू नका. त्यांपैकी बहुतेकांना कारखान्यातल्या खतभट्टीची उष्णता लागते. घरच्या बादलीत त्या तशाच उरतात.

चौघांच्या घरात एक बादली भरायला साधारण महिना लागतो, कारण भरता भरता ती खाली बसत जाते. भरली की दुसरी सुरू करा, पहिली अधूनमधून हलवत मुरू द्या. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास येणारं खत होतं. गव्हाच्या चाळणीने चाळा, वरची भरड पुढच्या बादलीला विरजण म्हणून घाला. कुंडीत दोन-तीन भाग मातीला एक भाग खत पुरे. गावाला जाताना ओलं घालणं थांबवा, वर जाड पाचोळा पसरा आणि झाकण ठेवा. पंधरा दिवसांत काही बिघडत नाही.

पाचोळ्याची बेगमी मात्र पावसाळ्याआधी करायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदाम, शिरीष, पिंपळ भरभरून पानं गाळतात आणि सकाळी रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग पेटवले जातात. झाडणाऱ्या दादांना आधी सांगून ठेवलं तर ते दोन गोण्या भरून देतात. जुलैत, जेव्हा सगळंच ओलं असतं, तेव्हा त्या गोण्यांची किंमत कळते.

सुका: धुवा, वाळवा, द्या

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. सुटलेला तो बारीक तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही आणि थेट नाल्यात जातो. पिशवी भांडी विसळलेल्या पाण्यात खळबळा आणि दोरीवर चिमट्याने वाळत घाला. नवं पाणी लागत नाही. तेलाची, सॉसची बाटलीही तशीच. कागद चुरगाळू नका, सपाट ठेवा. एटीएमच्या आणि दुकानाच्या गुळगुळीत पावत्या रद्दीत नकोत, त्यांवर रसायनाचा लेप असतो. पिझ्झाच्या खोक्याचं तेलकट बूड फाडून ओल्यात, कोरडं झाकण सुक्यात.

वेफर्स, बिस्किटं, शॅम्पूच्या पुड्या यांच्यात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून त्यांना भाव नसतो. अशी पाकिटं बाटलीत ठासून भरण्याची पद्धत मला पटत नाही. बाटलीला भाव होता, तो यात गेला. बाटलीपासून केलेल्या शोभेच्या वस्तूंचंही तेच. सहा महिन्यांनी रंग उडतो आणि ती कचऱ्यात जाते, तीही आता विकण्याजोगी नसलेली.

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघर जाऊन कचरा घेऊ लागली. या बायकांची कमाई बऱ्याच अंशी विकल्या जाणाऱ्या सुक्यावर असते. आपण कोरडा, वेगळा दिला तर त्यांचा हात स्वच्छ राहतो आणि पैसेही पूर्ण मिळतात. ओला-सुका एकत्र दिला तर त्यांना तो उघड्या हातांनी निवडत बसावं लागतं.

म्हणूनच सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्या. फुटलेली काच जाड कागदात बांधा आणि वर ‘काच’ लिहा. इन्सुलिनच्या सुया कडक प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकून बूच घट्ट लावा. उंचावरच्या तिसऱ्या डब्यात जुने सेल, बंद पडलेले मोबाइलचे चार्जर, मुदत संपलेली औषधं, ब्लेड ठेवा. ट्यूब आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. त्या फोडू नका, मूळ पुठ्ठ्यात घालून ठेवा. सेल, चार्जर आणि हे दिवे ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात किंवा मोहिमेत सहा महिन्यांतून एकदा दिले तरी चालतं. औषधं आणि ब्लेड ई-कचऱ्यात जात नाहीत, ती घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. फुगलेली मोबाइलची बॅटरी मात्र लगेच द्या. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की पेट घेते.

घरात येतानाच अडवा

महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे, तरी पिशवी पुढे केली जातेच. पिशवी गाडीच्या डिकीत आणि ऑफिसच्या बॅगेत कायमची ठेवा, दाराच्या खुंटीवरची विसरते. मटण-मासळी आणायला स्टीलचा डबा न्या. फरसाण सुटं घ्या, दळण चक्कीवरून आणा. मघाशी सांगितलेली बिनभावाची पाकिटं इथेच कमी होतात.

स्वयंपाकघरात आपल्या आज्यांना हे सगळं येत होतं. दोडक्याच्या शिरा तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, मिरची आणि मीठ घालून चटणी करा. दुधीच्या सालीचीही होते. कलिंगडाचा पांढरा भाग किसून धिरड्यात जातो, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, फणसाच्या आठळ्या भाजीत, कालची पोळी फोडणीला, उरलेलं वरण थालिपिठात. तळणाचं उरलेलं तेल गाळून आठवड्याच्या आत फोडणीला संपवा. मोरीत ओतलं तर नळात घट्ट बसतं.

कपड्यांचं म्हणाल तर बोहारणी अजूनही काही वस्त्यांत जुने कपडे घेऊन भांडी देतात. सुती साड्यांची गोधडी शिवणाऱ्या बायका गावोगाव आहेत, मजुरी देऊन करून घ्या. अगदी विरलेल्या सुती कापडाची फरशी पुसायची फडकी करा. नायलॉन आणि पॉलिस्टरचं फडकं पाणी टिपत नाही, ते दुसऱ्या कुणाला वापरायला द्या.

इमारतीतली चार-पाच घरं तयार झाली की सोसायटीच्या सभेत विषय मांडा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना करात सवलतही देत आली आहे. अटी वॉर्ड ऑफिसमध्ये विचारून घ्या. सभेला जाताना आपल्या बादलीतलं मूठभर चाळलेलं खत कागदात घेऊन जा आणि वास येईल म्हणणाऱ्यांच्या हातावर ठेवा.