बेट बुडवण्याआधी त्याचा जमाखर्च मांडा

काल्पनिक संस्कृती रचायला बसलं की बहुतेक मंडळी आधी चिलखत काढतात. निळसर, शंखांच्या नक्षीचं. मग हातात त्रिशूळ, मग उदास डोळ्यांची राणी. आमच्या रविवारच्या खेळाच्या टेबलावर, जिथे प्रत्येक जण कथेतलं एक पात्र होऊन खेळतो, अशी अटलांटिसं, म्हणजे दंतकथेतल्या त्या बुडालेल्या बेटाच्या नकला, बरीच येऊन गेली आणि सगळी एकाच शिंप्याने शिवल्यासारखी. मी पेशाने सहकारी संस्थांचे हिशेब तपासतो, त्यामुळे माझी खोड वेगळी. चिलखत दिसलं की मी विचारतो, याचे पैसे कोणी भरले? तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

प्लेटोने तेच केलंय. अटलांटिसचं वर्णन करणारा त्याचा ‘क्रिटियास’ हा संवाद लोक अद्भुतकथा म्हणून उघडतात, पण आत बराचसा मजकूर दप्तराचा आहे. राजधानीलगतचं मैदान ३,००० बाय २,००० स्टेडियन (लांबीचं ग्रीक माप), त्याचे ६०,००० वाटे, प्रत्येक वाटा १० बाय १०. गुणाकार करून बघा, ताळा जुळतो. स्टेडियन साधारण १८५ मीटरचा धरला तर एक वाटा सुमारे साडेआठशे एकर. युद्ध लागलं की वाट्याच्या म्होरक्याने काय द्यायचं तेही लिहिलेलं: एका रथाचा सहावा हिस्सा, स्वारांसह २ घोडे, २ तिरंदाज, २ गोफणवाले, ४ खलाशी आणि असं बरंच. सहाव्या हिश्श्याने १०,००० रथ होतात. खलाशी होतात २,४०,०००, जहाजं १,२००, म्हणजे जहाजामागे २०० माणसं. प्लेटोच्या काळातल्या ट्रायरीम या युद्धनौकेवर नेमकी तेवढीच असत, त्यातली १७० वल्ह्यांवर. अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याच्याही आधी ९,००० वर्षांचं बेट सांगताना गड्याने आपल्या बंदरातलीच नौका घेतली. तुम्हीही बिनदिक्कत घ्या.

आता स्वतःची वही उघडा आणि आकडे लहान ठेवा. मी रचलेल्या और्वा बेटावर ६०० वाटे आहेत. वाट्यामागे २ वल्हेकरी आणि १ गोफणवाली. ढाल-भाल्याचा शिपाई मात्र सहा वाट्यांनी मिळून एकच पोसायचा. झाले १,२०० वल्हेकरी, म्हणजे तीस वल्ह्यांच्या ४० होड्या, ६०० गोफणवाल्या, आणि पुरं चिलखत असलेले फक्त १००. चित्रात सगळी फौज झगमगत होती, वहीत ती अनवाणी निघाली. कापणीच्या दिवसांत वल्हेकरी शेतात लागतात, म्हणून और्वाची लढाई पेरणी ते कापणी एवढ्यातच उरकावी लागते. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या असतात. तुमच्या बेटालाही असा एक बंद काळ द्या, शत्रूला तो माहीत असू द्या, आणि कथानक आपोआप चालू लागेल.

माणसं ठरवताना ‘अटलांटिसचे लोक’ असा एकच गठ्ठा करू नका. प्लेटोचं शहर पाण्याच्या तीन आणि जमिनीच्या दोन कड्यांचं, मध्ये राजवाड्याचं बेट. बहुतेक पहारेकरी बाहेरच्या बाजूला, जास्त भरवशाचे आतल्या लहान कड्यावर, आणि अगदी खात्रीचे राजांच्या उंबऱ्याशी. मला ही व्यवस्था फार आवडते. कोण कुठे झोपतो यावरून राजा कोणाला घाबरतो ते कळतं. तुमच्या प्रत्येक पात्राचं कडं आधी लिहा, स्वभाव नंतर.

कपड्यांकडे मी जरा जास्त वेळ देतो. आधी रंगाचा भाव काढा. जांभळा रंग समुद्री गोगलगाईंपासून निघायचा. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाला १२,००० गोगलगाईंतून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळाला होता. तेव्हा रस्त्यावरच्या भाजीवालीला जांभळं नेसवू नका. ग्रीसच्या थेरा बेटावर, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या अक्रोतिरी गावात भिंतीवरची चित्रं सापडली. १९६७ पासून स्पिरिडॉन मारिनातोस यांनी तिथे खोदकाम केलं. चित्रांत केशर वेचणाऱ्या मुली आहेत, थरांचे घागरे घातलेल्या. लहान पोरींची डोकी तासून निळी रंगवलेली, मध्ये एखादी बट सोडलेली. वय सांगायची केवढी स्वस्त सोय! मी ती जशीच्या तशी उचलली: और्वात पहिल्यांदा वल्हं हाती घेतलं की बट कापतात, आणि ती वल्ह्याच्या मुठीला गुंडाळतात. वल्हेकरी स्त्री असो की पुरुष, गुडघ्यावर कासोटा. लोंबता काठ वल्ह्यात अडकतो, म्हणून काठ आणि झालर फक्त त्यांना, ज्यांना वल्हवावं लागत नाही.

शिरस्त्राण बेटावर मिळेल त्याचंच करा. एजियन समुद्राकाठचे योद्धे रानडुकरांचे सुळे चिरून, भोकं पाडून, चामडी टोपीवर रांगेने शिवत, आणि प्रत्येक रांगेत सुळ्यांचा बाक उलट दिशेला फिरवत. एका टोपीला डुकरांचा कळप लागतो. और्वावर डुक्करच नाही, म्हणून तिथे माशांचे मणके ओवतात. दिसायला फारसं रुबाबदार नाही. पण तलवार घसरते, आणि पाण्यात पडलं तर तरंगतं.

प्लेटोच्या अटलांटिसमधल्या ओरिकॅल्कम या धातूत जादू कोंबायचा मोह आवरा. सिसिलीत गेलाजवळच्या समुद्रात एका बुडालेल्या जहाजाच्या मालात ३९ लगडी मिळाल्या, २०१५ च्या सुरुवातीला त्या ओरिकॅल्कम म्हणून गाजल्या, आणि तपासात निघालं तांबं-जस्त. म्हणजे पितळ. प्लेटोच्या शहरात आतल्या गडाची भिंत या धातूने मढवलेली, लालसर झगमगणारी. खाऱ्या हवेत ती टिकेल का? देवघरातली भांडी चिंचेने घासतो तशी ती कोणीतरी घासायला हवी. माझ्या बेटावर भिंत घासणारी जमात आहे आणि ती संपावर गेली की शत्रूला लांबूनच कळतं.

लढाईसाठी नकाशाकडे बघा. प्लेटोच्या शहरात शिरायचा कालवा ३०० फूट रुंद, आत कड्यांवरचे पूल, पुलांवर बुरूज आणि दरवाजे, आणि पुलांशी एका वेळी एकच नौका जाईल एवढीच वाट. तिथे आरमाराची संख्या काही कामाची नाही. मारा पुलावरून, गोफणीचा. शहराचा दगड पांढरा, काळा आणि लाल, बेटाच्या पोटातूनच काढलेला, आणि खाणींच्या पोकळ्यांत छताखालच्या गोद्या. और्वात प्रत्येक कडं आपल्याच रंगाचा गुंडा मारतं. लढाईनंतर प्रेतातून निघालेला गुंडा कारकून वहीत लिहितो, आणि भरपाई त्या कड्याच्या नावावर चढते.

घरातल्या भांडणासाठी प्लेटोच्या राजांचा कायदा आहेच. दहा राजे, पाच जुळ्यांच्या जोड्या. आळीपाळीने पाचव्या आणि सहाव्या वर्षी जमायचे, लोखंडाशिवाय फक्त सोटे आणि फास घेऊन बैल धरायचा, रात्री गडद निळी वस्त्रं लेवून विझत्या निखाऱ्यांशी बसून न्याय करायचा. उजाडलं की निकाल सोन्याच्या पाटीवर, आणि वस्त्रंही पाटीसोबत देवाला. आप्ताला देहदंड द्यायचा तर दहांतल्या निम्म्याहून जास्त राजांचं मत लागतं. पाच-पाच पडले तर? तो डाव माझ्या टेबलावर अजून चालू आहे. देवळाच्या कोठीतून एक निळं वस्त्र गायब आहे आणि कोठीवाल्याच्या यादीत नऊच लिहिलेली आहेत.

बुडवणं सगळ्यात शेवटी. प्लेटोने ते एका दिवसा-रात्रीत उरकलं. तुम्ही वहीतून ठरवा. मी आधी लाल गोदी खचवतो, कारण तिथे खाण सर्वांत खोल गेली आहे आणि ४० पैकी १२ होड्या त्याच छताखाली आहेत. उरल्या २८, जागा ८४०. प्रत्येक खेळाडूला त्याचं कडं विचारा आणि मोजायला लावा.