टू मीटर बँडवर बिनलायसन्सवाले घुसले तर काय करायचं

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा टू मीटर बँड आपल्याकडे हॅमसाठी, म्हणजे लायसन्स घेऊन छंद म्हणून वायरलेसवर बोलणाऱ्यांसाठी आहे, पण लग्नसराई आली की तिथे पार्किंगवाले, सिक्युरिटीवाले, साइटवरचे क्रेनवाले सर्रास बोलताना सापडतात, कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळणारं ओळखनाव) नाही काही नाही, नुसतं "गेट नंबर दोनला ट्रक आलाय, सोडू का". २००१ च्या भूज भूकंपात हॅमनी याच छंदाच्या जोरावर निरोप पोचवले होते, त्यामुळे हे चालायचंच म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

सगळ्यात आधी, त्यांच्यावर पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबून बसायचं नाही. शिव्याही नकोत. लायसन्स तुमच्याकडे आहे म्हणजे गमावायलाही तुमच्याचकडे आहे.

मग खात्री करा की सिग्नल खरंच तिथे आहे. स्वस्त हँडसेट जवळच्या दणकट ट्रान्समीटरने ओव्हरलोड होतात आणि भलत्याच फ्रिक्वेन्सीवर आवाज दाखवतात, म्हणून दुसऱ्या भागातल्या मित्राला त्याच्या सेटवर ऐकायला सांगा. ऐकू येत असेल तर वही काढा, तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, टोन (आवाजासोबत जाणारा ठरावीक बारीक सूर), मीटरवर सिग्नल किती, बोलण्यात जागेचं नाव आलं का. बरेचदा हॉलचं नाव तेच बोलून टाकतात.

नाही बोलले तर शोधायचं. हँडसेट छातीशी धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा, सिग्नल सगळ्यात कमी होतो तेव्हा ट्रान्समीटर तुमच्या पाठीमागे असतो. दोन-तीन ठिकाणांहून असं करून नकाशावर रेघा मारल्या की भाग कळतो. जवळ गेल्यावर मीटर फुल होतो आणि काहीच कळत नाही, तेव्हा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीवर निघणारा सिग्नल ऐका, म्हणजे ते १४५.६०० वर असतील तर तुम्ही ४३६.८०० लावा, तिथे सिग्नल खूप कमजोर असतो त्यामुळे तो आला म्हणजे माणूस अगदी जवळ आहे.

एकटे जाऊ नका, आणि पोरांशी न बोलता ठेकेदाराशी किंवा मॅनेजरशी बोला. बहुतेकांना माहितीच नसतं, सेट ऑनलाइन मिळाला, चालू केला, लागला. त्यांना सांगा की ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे, टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलला सरकारी मंजुरी) असलेले कमी पॉवरचे सेट लायसन्सशिवाय चालतात, तेच घ्या. वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये नियमावली काढलीय तीही दाखवा. एखाद्याला खरंच आवड दिसली तर हॅम लायसन्सच्या परीक्षेचं सांगा, त्यातल्या सुरुवातीच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सही (कड-कट्टची सांकेतिक भाषा) लागत नाही.

रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा लांबवर पाठवणारं स्टेशन) चालवणाऱ्यांनी इनपुटला टोन लावाच, तो टोन नसलेला उघडा रिपीटर ठेवला तर कोणीही येऊन चालू करणार.

एवढं करूनही थांबले नाहीत तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे लेखी तक्रार करा, वहीतल्या नोंदी आणि नकाशा जोडून. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र फिरवू नका.