जुनी आउटबोर्ड मोटर नीट चालत नसेल, तर कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी उघडावा

जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागे बसवलेले इंजिन, धापा टाकू लागली की धक्क्यावर उभा असलेला प्रत्येक जण एकच सल्ला देतो : "कार्ब्युरेटर साफ करून टाका." सल्ला अगदीच खोटा नसतो, पण त्याची वेळ चुकलेली असते. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडताना वर्षानुवर्षे चिकटून बसलेले गास्केट (सांध्यातली पातळ चकती) फाटते, फ्लोटची (आतल्या तरंगत्या भागाची) पातळी बदलते, मिश्रणाचा स्क्रू जागचा हलतो, आणि मूळ दोष तिथे नसेलच तर एका बिघाडाचे दोन होतात. येथे दिलेला क्रम कार्ब्युरेटर असलेल्या, दोन किंवा तीन सिलिंडरच्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरसाठी आहे, जिची टाकी वेगळी असते आणि रबरी नळीने इंजिनाला जोडलेली असते.

कॉम्प्रेशन आणि स्पार्क

सगळे स्पार्क प्लग काढावेत, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला जोडून अर्थ (अर्थिंग) कराव्यात, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, गेजने मोजावे. गेजागणिक आकडा बदलतो, त्यामुळे आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक पाहावा. तो १५ टक्क्यांहून अधिक असेल तर दोष रिंगांत, सिलिंडरात किंवा हेड गास्केटमध्ये आहे आणि पुढचे काहीही वाचण्यात अर्थ नाही.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर नवे प्लग बसवून टेस्टरने स्पार्क (ठिणगी) पाहावा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मोटरीत तो साधारण ११ मिलिमीटरची फट निळ्या रंगात, आवाज करीत ओलांडतो.

त्यानंतर मोटर मंद गतीवर चालू ठेवून एकेका सिलिंडरचा स्पार्क तोडावा. मात्र वायर हवेत लोंबकळत न ठेवता ती टेस्टरमार्फत अर्थ करावी, नाहीतर इग्निशनचा डबा जळण्याची भीती असते. ज्या सिलिंडरचा स्पार्क तोडूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता आणि शोध त्याच्यापुरता मर्यादित होतो. सगळे सिलिंडर सारखेच अशक्त निघाले, तर संशय सर्वांना पेट्रोल पुरवणाऱ्या वाटेवर घ्यावा. हे सारे करताना मोटर पाण्याच्या पिंपात किंवा नळाचे पाणी जोडूनच चालवावी आणि पंखा (प्रोपेलर) काढून ठेवावा. इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी ओढणारे पात्यांचे चाक, काही सेकंद कोरडा फिरला तरी त्याची पाती खराब होतात.

ताजे पेट्रोल

जुन्या पेट्रोलचा संशय मिटवण्यासाठी दुसऱ्या टाकीत ताजे पेट्रोल, मोटरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात ऑइल घालून घ्यावे आणि त्यावर मोटर चालवून पाहावी. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. अधिक जुन्या मोटरींना २५:१ लागते आणि तिथे ऑइल वाचवू नये.

पेट्रोल गळत नाही, हवा शिरते

येथे माझा सर्वांत जास्त वेळ वाया गेला आहे, म्हणून सविस्तर सांगतो. माझी पहिली दोन सिलिंडरची मोटर एका हाकेत सुरू होई, मंद गतीवर घड्याळासारखी चाले आणि पूर्ण वेगात पाचेक मिनिटे पळाली की तिचा दम तुटे. वेग कमी केला की ती पुन्हा शहाण्यासारखी चालू लागे. मी एका महिन्यात तीन वेळा कार्ब्युरेटर उघडून साफ केला. एका मेकॅनिकच्या सांगण्यावरून इंधनपंपाचे डायफ्रॅमही (पेट्रोल ढकलणारा लवचीक पडदा) बदलले. मोटर मात्र तसूभरही सुधारली नाही. दोष होता टाकीकडील कनेक्टरच्या ओ-रिंगमध्ये (सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यात), जी नखाने दाबली तर चिरत होती.

ही गळती सापडत नाही याचे कारण समजून घेतले पाहिजे. पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसून ओढ असते. तिथे बारीक फट असेल तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. नळी कोरडी दिसते, पेट्रोलचा वास येत नाही आणि आपण समजतो की सर्व ठीक आहे. "कुठे ओल दिसते का ते पाहा" हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी आहे. प्रायमर बल्ब (नळीतला हाताने दाबायचा रबरी फुगा) दाबून साबणाचे पाणी लावण्याची युक्तीही पुरेशी नाही, कारण काही ओ-रिंगा आतून दाब आला की घट्ट बसतात आणि ओढ लागली की सैल पडतात.

पहिली परीक्षा पाण्यावर, दोघांनी करावी. एकाने किल स्विचची (ओढताच मोटर बंद करणाऱ्या स्विचची) दोरी मनगटाला अडकवून मोटर चालवावी आणि दम तुटू लागताच दुसऱ्याने प्रायमर बल्ब भराभर दाबावा. मोटर पुन्हा जोर धरत असेल तर पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, हे सिद्ध झाले. या क्षणी बल्बची अवस्थाही पाहावी. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल तर मागे कुठेतरी अडथळा आहे : टाकीच्या झाकणाची हवेची चावी बंद राहिली असेल, आतली जाळी तुंबली असेल किंवा नळीचे आतले अस्तर सुटून वाटेत आडवे आले असेल. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबराची अशी अवस्था करते, आणि बाहेरून नळी तुकतुकीतच दिसते.

बल्ब चपटा होत नसेल आणि तरीही दाबल्यावर मोटर सावरत असेल, तर पंप दुबळा आहे किंवा नळीत हवा शिरते आहे. पंप खोलण्याआधी हवेचा प्रश्न मिटवावा. पंपाच्या अलीकडे नळीत वीतभर पारदर्शक नळी जोडावी आणि मोटर पुन्हा पूर्ण वेगात पळवावी. नळी जोडताना आत राहिलेली हवा पहिल्या काही सेकंदांत निघून जाते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे. माझ्या नळीत मात्र तीन-चार मिनिटांनी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले आणि ते वाढत जाऊन पेट्रोलची धार तुटक झाली, त्याच वेळी इंजिनाचा आवाज खाली बसला.

बुडबुडे दिसले की तीच पारदर्शक नळी एकेक सांधा टाकीकडे सरकवत न्यावी. ज्या सांध्याच्या इंजिनाकडच्या बाजूला बुडबुडे आहेत आणि टाकीकडच्या बाजूला नाहीत, तो सांधा दोषी. टाकीच्या अगदी तोंडाशीही बुडबुडे असतील तर टाकीच्या आत उतरलेल्या ओढनळीला चीर आहे. बहुतेक वेळा दोष कनेक्टरच्या ओ-रिंगमध्ये, बल्बच्या दोन्ही टोकांना किंवा नळीत रुतलेल्या स्क्रूच्या क्लिपखाली निघतो. चिकटपट्टी गुंडाळणे, क्लिप अजून आवळणे असले उपाय मी करून पाहिले आहेत. ते दोन दिवस टिकतात. नळी, बल्ब आणि दोन्ही कनेक्टर एकदमच बदलावेत. पारदर्शक नळी केवळ चाचणीसाठी असते, ती काम झाल्याबरोबर काढावी, आणि सांडलेले पेट्रोल पुसून होडीच्या तळाशी हवा खेळू द्यावी, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहते.

नळीत बुडबुडे नाहीत, बल्ब चपटा होत नाही, आणि तरीही बल्ब दाबल्यावरच मोटर सावरते, असे असेल तर पंपाचे डायफ्रॅम बदलावे. ते फाटले की पेट्रोल स्पंदाच्या छिद्रातून, म्हणजे ज्यातून इंजिनाच्या दाबाचे ठोके पंपाला मिळतात त्यातून, क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या कप्प्यात) उतरते आणि एकाच सिलिंडरचा प्लग सतत ओला निघतो.

आता कार्ब्युरेटर

जी मोटर पूर्ण वेगात ठीक पळते पण मंद गतीवर बंद पडते, तिचा कार्ब्युरेटर खरोखर उघडण्याजोगा असतो. मंद गतीची छिद्रे केसाएवढी असतात आणि वाळलेल्या पेट्रोलने तीच आधी बुजतात. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवावे. जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यात) तार घालू नये. पितळ मऊ असते आणि मोठे झालेले छिद्र लहान करता येत नाही. क्लीनर आणि दाबाची हवा पुरते.

शेवटी होडीवर नेहमीचा भार घेऊन निदान पंधरा मिनिटे पूर्ण वेगात जावे, मोटर लगेच बंद करावी आणि प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग चांगला. काळा आणि ओला प्लग पेट्रोल जास्त जात असल्याचे सांगतो. पांढराफटक प्लग दिसला तर परत येताना मोटर हळूच चालवावी, कारण पेट्रोल कमी पडत असताना टू-स्ट्रोकचा पिस्टन ऑइललाही मुकतो आणि वितळू शकतो. किनाऱ्यावर आल्यावर पारदर्शक नळी पुन्हा जोडावी.