जुन्या लाकडी टेबलाची किंमत काढायचीय? आधी ते उलटं करा

छोटं लाकडी टेबल दाखवून ‘हे किती जुनं असेल, काय येतील याचे?’ असं विचारणारा माणूस हमखास वरच्या फळीचा फोटो पुढे करतो. टेबलाचा सगळ्यात खोटारडा भाग तोच. ती फळी घासली जाते, रंगवली जाते, तिच्यावर पॉलिशचे थर चढतात. खालच्या बाजूला नटवायला मात्र सहसा कुणी जात नाही. तेव्हा जुनी चादर अंथरा, टेबल उलटं ठेवा आणि टॉर्च आडवा धरून बघा.

लाकूड कोणतं, यावर दिवस घालवू नका. ओकमध्ये आडवे चमकदार पट्टे दिसतात, शिसवी जड आणि गडद रेघांचं असतं, पाइन नखानं दबतं. रंगावर तर मुळीच जाऊ नका. साध्या लाकडाला रंग देऊन महोगनी म्हणून खपवणं हा जुना धंदा आहे. फळीवरच्या लाकडाच्या रेषा तिच्या टोकाशी जुळत नसतील तर व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, आहे असं समजा. पण व्हिनिअर म्हणजे स्वस्त, हा गैरसमज. 18व्या शतकातल्या उत्तमोत्तम फर्निचरवर करवतीनं कापलेलं जाड व्हिनिअर सापडतं. कागदासारखं पातळ असेल, तर ते बहुतेक अलीकडचं.

आता खरी डोकेदुखी: वय. इथे मी स्वतः सपाटून आपटलोय. एका पायावरचं गोल टेबल होतं, पायाचं कोरीवकाम झकास, सांधे हातानं केलेले. मी बेधडक 19व्या शतकातलं म्हणून घेऊन आलो. काही महिन्यांनी फळीची खालची बाजू नीट पाहिली, तर तिथे एका चौकोनी चौकटीची फिकट सावली आणि चार रिकामी भोकं. म्हणजे फळी दुसऱ्याच कुठल्यातरी फर्निचरची, गोल कापून या पायावर बसवलेली. खोटं काहीच नव्हतं, फक्त दोन वस्तूंचं लग्न लावलं होतं. अशा जोडटेबलाला अर्धी किंमतसुद्धा येत नाही.

तेव्हापासून मी सर्वांत आधी रिकामी भोकं शोधतो. आताच्या कुठल्याच स्क्रूशी न जुळणारं भोक कशाचं, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग रंग. जुनं, कोरं लाकूड हवा लागेल तिथे काळवंडतं आणि झाकलेल्या जागी फिकट राहतं. उचलताना बोटं लागतात तिथे तेलकट डाग पडतात. खालची बाजू सगळीकडे एकसारखी तपकिरी असेल तर कुणीतरी ब्रश फिरवलाय.

गोल फळी असेल तर टेप घ्या. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं. म्हणून खरोखर जुनी अखंड लाकडाची गोल फळी काही मिलिमीटरनं लंबगोल झालेली असते. दोन्ही मापं अगदी सारखी भरली, तर मी शंका घेतो.

करवतीच्या खुणाही बघा. कमानीसारख्या वक्र रेघा गोल करवतीच्या, आणि ती 19व्या शतकात रुळली. टोकदार स्क्रू 1840च्या दशकानंतर सर्रास झाले, त्याआधीचे टोकाला बोथट. अधिक चिन्हाची खाच असलेला फिलिप्स स्क्रू 1930च्या दशकापासूनचा. पण एक जुना स्क्रू सापडला म्हणून नाचू नका, जुने स्क्रू विकत मिळतात. टेबलाचं वय त्याच्या सर्वांत नव्या मूळ भागावरून ठरतं. एखादा भाग मागाहून बदललाय असं म्हणायचं तर त्याची खूण दाखवता आली पाहिजे: दुसरं भोक, वेगळा रंग, काहीतरी.

किडीची भोकं म्हणजे जुनेपणाचा दाखला, हा तर सर्वांत वाईट सल्ला. कीड आत वळणावळणानं पोखरते आणि बाहेर येताना फक्त लहान गोल भोक पाडते. पृष्ठभागावर उघड्या नळ्या, चर दिसत असतील, तर पोखरलेलं जुनं लाकूड मागाहून कापून वापरलंय.

किंमत काढणं त्यामानानं सोपं. तशीच टेबलं प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते लिलावांच्या नोंदींत बघा. विक्रेत्यांनी लावलेले भाव म्हणजे नुसत्या इच्छा. विम्यासाठीचा आकडा मोठा असतो, झटपट विक्रीचा लहान, तेव्हा कशासाठी काढताय ते आधी ठरवा. मूळ पृष्ठभाग शाबूत असेल तर भाव चढतो, म्हणून विकायच्या आधी घासूनपुसून नवं पॉलिश मारण्याची हौस आवरा. शिसवी असेल आणि परदेशी पाठवायचं असेल, तर त्या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017पासून निर्बंध आहेत, नियम तपासून घ्या.

तज्ज्ञाकडे गेलात तर ठरलेली फी द्या, किमतीच्या टक्केवारीवर काम करणारा नको. आणि आकडा सांगून झाल्यावर तोच ‘मीच घेतो हो’ म्हणाला, तर टेबल गाडीत ठेवा आणि दुसऱ्याकडे जा.